शोल्डर स्क्रूचा काउंटरबोर किती खोल? हेडची उंची नंतर, आधी शोल्डरची लांबी



या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर आकडे भराभर लिहीत गेलो आणि वेळ कमी पडला. तेच सगळं इथे सावकाश लिहितोय. ज्यांनी नुकतंच एक मिलिंग मशीन, एक पिलर ड्रिल किंवा हप्त्यावर व्हीएमसी घेतलीय आणि फिक्श्चर, लिंक, छोटी प्रेस टूल अशी जॉब वर्कची कामं धरायला सुरुवात केलीय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी बीबीए केलेला माणूस, इंजिनिअर नाही. त्यामुळे मशीनवरची प्रत्येक गोष्ट मला "यात पैसे कुठे जातात" अशी बघायची सवय आहे. शोल्डर स्क्रूच्या काउंटरबोरमध्ये पैसे जातात ते खोलीत. व्यासात फारसे जात नाहीत.

आधी हा स्क्रू कसा काम करतो ते बघू, नाहीतर पुढचे आकडे नुसते पाठ होतील.

साधा ॲलन बोल्ट आपण सगळेच वापरतो. त्याचं हेड काउंटरबोरच्या तळावर बसतं, बोल्ट आवळला की हेड वरची प्लेट दाबतं आणि दोन प्लेटा एकमेकींना घट्ट धरल्या जातात. तिथे काउंटरबोरचं काम एवढंच, की हेड लपलं पाहिजे. खोली अर्धा मिमी जास्त झाली तरी सहसा कुणी विचारत नाही.

शोल्डर स्क्रूला तीन भाग असतात. वर हेड, मध्ये ग्राइंड केलेली गुळगुळीत जाड दांडी म्हणजे शोल्डर, आणि खाली शोल्डरपेक्षा बारीक थ्रेड. स्क्रू आवळला की शोल्डरची खालची कड टॅप केलेल्या प्लेटवर जाऊन टेकते आणि तिथेच आवळणं थांबतं. शोल्डर म्हणजे खांदा, आणि भार या खांद्यावरच घेतला जातो. हेड काहीच दाबत नाही. ते टॅप केलेल्या प्लेटपासून ठरलेल्या उंचीवर थांबतं, आणि ती उंची म्हणजे शोल्डरची लांबी. हेड आणि खालची प्लेट यांच्यामध्ये जो भाग असतो तो फिरायला किंवा वर-खाली सरकायला मोकळा राहतो. म्हणून तर हा स्क्रू लिंकच्या पिव्होटला, रोलरला आणि प्रेस टूलच्या स्ट्रिपर प्लेटला वापरतात. आपल्याकडे टूलरूमवाले त्याला सरळ स्ट्रिपर बोल्टच म्हणतात.

आता यातून काय निघतं बघा. काउंटरबोर मारल्यावर तळाखाली जेवढी जाडी उरते, तिच्यावर लिंक किती हलणार ते ठरतं. हेड लपणं हा दुय्यम मुद्दा आहे. तरीही नवीन ऑपरेटर चार्ट उघडतो, हेडची उंची बघतो, त्यात अर्धा मिमी मिळवतो आणि खोली मारतो. ॲलन बोल्टची सवय हाताला लागलेली असते ना.

एक उदाहरण घेऊ. २५ मिमी जाडीची लिंक आहे. ती ८ मिमी शोल्डरच्या स्क्रूवर फिरायला हवी. या स्क्रूच्या हेडची उंची ५.५ मिमी. ऑपरेटरने सवयीप्रमाणे ६ मिमी काउंटरबोर मारला, म्हणजे खाली उरले १९ मिमी. आता स्टोअरमध्ये दोन लांबीचे स्क्रू आहेत, १६ आणि २०.

२० चा लावला तर हेड आणि तळ यांच्यात १ मिमी फट राहते. लिंक खुळखुळते. ग्राहक हाताने हलवून बघतो आणि "हे काय?" म्हणतो.

१६ चा लावला तर आणखी वाईट. शोल्डर १६ आणि जाडी १९, म्हणजे शोल्डर खालच्या प्लेटपर्यंत पोचतच नाही. हेड आधी तळावर टेकतं आणि ॲलन बोल्टसारखं लिंकला दाबून धरतं. लिंक फिरतच नाही. वर थ्रेडही ३ मिमी कमी शिरलेला असतो. मग असेंब्लीवाला पोरगा काय करतो, तर स्क्रू थोडा सैल सोडतो. लिंक फिरायला लागते, सगळे खूश. आठ दिवसांत स्क्रू पूर्ण बाहेर येतो आणि फोन तुम्हाला येतो.

बरोबर पद्धत उलटी आहे. आधी स्टँडर्ड लांबी निवडा, मग लिंक किती हलायला हवी ते ठरवा, त्यातून उरायची जाडी काढा आणि सगळ्यात शेवटी खोली काढा. इथे १६ चा स्क्रू घेतला आणि ०.१ मिमी प्ले ठेवायचा ठरवला तर उरायची जाडी १५.९. लिंक २५ ची, म्हणून खोली ९.१. हेडची उंची ५.५, म्हणजे हेड साडेतीन मिमी आत जाऊन बसतं. चालेल. आत गेलेल्या हेडचं काही बिघडत नाही, फक्त ॲलन की पोचली पाहिजे.

२० चाच स्क्रू वापरायचा हट्ट असेल तर उरायची जाडी १९.९, खोली ५.१, आणि हेड ०.४ मिमी वर डोकावणार. ते चालणार का हे ग्राहकाला विचारायचं. वरून दुसरा भाग घासून जात नसेल तर बऱ्याचदा चालतं.

स्टँडर्ड लांब्या १०, १२, १६, २०, २५, ३०, ४०, ५०, ६० अशा पायऱ्यांनी वाढतात. मधली लांबी बनवून घेता येते, पण मग स्क्रूची किंमत आणि डिलिव्हरी दोन्ही तुमच्या हातात राहत नाहीत. त्यामुळे स्क्रू बाजारातला घ्या आणि काउंटरबोर त्याच्याप्रमाणे खाली-वर करा. मशीन आपलं आहे, स्क्रूचा कारखाना आपला नाही.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि ती फुकट मिळत नाही. आयएसओ ७३७९ प्रमाणे शोल्डरच्या लांबीला टॉलरन्स असतो, वजा बाजूला शून्य आणि अधिक बाजूला पाव मिमी. म्हणजे १६ चा स्क्रू १६.०० ते १६.२५ मध्ये कुठेही असू शकतो. तुम्ही जाडी नेमकी १५.९ ठेवलीत तरी प्ले ०.१ ते ०.३५ मध्ये कुठेही येणार. ग्राहकाला ०.१५ च्या आत हवा असेल तर काय करायचं?

काही जण स्क्रूचा लॉट मोजतात. सगळे १६.१२ भरले, मग जाडी १६.०२ ठेवली की काम फत्ते. मला ही पद्धत आवडत नाही. दोन वर्षांनी ग्राहकाच्या मेंटेनन्सवाल्याने दुसऱ्या लॉटचा, नेमका १६.०० चा स्क्रू लावला की लिंक जाम होणार, आणि कुणालाच कळणार नाही का झाली. त्यापेक्षा जाडी कायम सगळ्यात छोट्या स्क्रूवरून ठरवा, म्हणजे इथे १५.९. जास्तीचा प्ले हेडखाली पातळ शिम वॉशर घालून काढा. डीआयएन ९८८ चे शिम ८ बाय १४ मापात ०.१, ०.२, ०.३ अशा जाडीत मिळतात. स्क्रू १६.२ भरला तर प्ले ०.३ येतो, ०.२ चा शिम टाकला की ०.१. शिमचा बाहेरचा व्यास १४, म्हणजे १५ च्या काउंटरबोरमध्ये तो आरामात बसतो. १० च्या शोल्डरला १० बाय १६ चा शिम असतो, तो १८ च्या काउंटरबोरमध्ये जातो.

ड्रॉइंगचंही बोलून घेऊ. काउंटरबोरची खोली वरून मोजतात, पण आपल्याला महत्त्वाची आहे खाली उरणारी जाडी. २५ ची प्लेट प्रत्यक्षात २५.१ किंवा २४.८ असते. वरून ९.१ मोजून मारलं तर प्लेटचा सगळा फरक प्लेमध्ये येतो. म्हणून ग्राहकाच्या ड्रॉइंगवर वरून खोली दिली असेल तर फोन करून विचारा, "सर, खालून १५.९ पकडू का?" ज्याला काम कळतं तो लगेच हो म्हणतो. मशीनवर पीस पॅरलल ब्लॉकवर नीट बसवा आणि झेड शून्य खालच्या फेसवरून, म्हणजे ब्लॉकच्या वरच्या पातळीवरून घ्या. प्लेट जाड-पातळ असली तरी उरलेली जाडी सारखीच येईल. मोजताना मात्र व्हर्नियरच्या मागच्या दांडीवर भरवसा ठेवू नका. डेप्थ मायक्रोमीटर घ्या, किंवा स्क्रू लावून फीलर गेज हेडखाली घालून बघा. फीलरने जे कळतं तेच ग्राहकाला हाताने जाणवणार आहे.

आता व्यास. हा भाग सोपा आहे, चार्ट भिंतीवर लावून ठेवा. आयएसओ ७३७९ च्या स्क्रूसाठी मी ही मापं वापरतो, सगळी मिमीमध्ये:

शोल्डर ६.५, थ्रेड एम५: हेडचा व्यास १०, हेडची उंची ४.५, काउंटरबोर ११
शोल्डर ८, थ्रेड एम६: हेड १३, उंची ५.५, काउंटरबोर १५
शोल्डर १०, थ्रेड एम८: हेड १६, उंची ७, काउंटरबोर १८
शोल्डर १३, थ्रेड एम१०: हेड १८, उंची ९, काउंटरबोर २०
शोल्डर १६, थ्रेड एम१२: हेड २४, उंची ११, काउंटरबोर २६
शोल्डर २०, थ्रेड एम१६: हेड ३०, उंची १४, काउंटरबोर ३३
शोल्डर २५, थ्रेड एम२०: हेड ३६, उंची १६, काउंटरबोर ४०

हे आकडे ओळखीचे वाटतात ना? ११, १५, १८, २० हे ॲलन बोल्टचे काउंटरबोर आहेत. ८ च्या शोल्डर स्क्रूचं हेड १३ चं, तेवढंच एम८ ॲलन बोल्टचं. १० च्या शोल्डरचं हेड एम१० ॲलन बोल्टएवढं. थोडक्यात, कटर शोल्डरच्या आकड्यावरून उचलायचा. थ्रेडचा आकडा बघून उचलला तर फसाल. एम६ थ्रेड आहे म्हणून एम६ चा ११ मिमी काउंटरबोर मारला, तर १३ चं हेड त्यात जाणारच नाही. यात एक बरं असतं, चूक लगेच दिसते आणि भोक मोठं करून सुधारता येते. ६.५, १३ आणि २५ या शोल्डरना अनुक्रमे एम६, एम१२ आणि एम२४ चा कटर लागतो.

हेडवर नर्लिंग असेल तर व्यास थोडा वाढतो, १३ चं हेड १३.२७ पर्यंत जाऊ शकतं. आणि पिव्होटमध्ये लिंक फिरते, म्हणजे काउंटरबोरची भिंत हेडभोवती फिरते. १३.५ चा घट्ट काउंटरबोर मारला आणि तो मुख्य भोकापासून पाव मिमी सरकला, तर हेड भिंतीला घासायला लागतं. १५ मध्ये चारी बाजूंनी १ मिमी जागा मिळते, ग्रीस राहतं, शिमही बसतो. "छोटा काउंटरबोर दिसायला चांगला" हे मी बऱ्याच वेळा ऐकलंय. कव्हर प्लेटला असेल चांगला. फिरत्या भागाला नको.

खरी अडचण कटरच्या पायलटची. एम८ च्या तयार काउंटरबोर कटरचा पायलट नेहमीच्या ८.४ किंवा ९ मिमी भोकासाठी केलेला असतो. आपलं भोक मात्र ८ चं रीम केलेलं. पायलट आत जात नाही. मग कुणीतरी भोकच ९ करतो, पायलट मस्त बसतो, काउंटरबोर मस्त येतो, आणि शोल्डर ९ च्या भोकात लडबडत राहतो. लिंक भंगारात. हे होऊ नये म्हणून क्रम बदला. टॅपिंगच्या भोकासाठीचा पायलट असलेले कटरही मिळतात, एम८ ला ६.८ चा आणि एम१० ला ८.५ चा. ८ च्या शोल्डरसाठी आधी ६.८ ड्रिल, मग ६.८ पायलटच्या कटरने १५ चा काउंटरबोर, मग ७.८ ड्रिल, शेवटी ८ चा रीमर. १० च्या शोल्डरला ८.५ ड्रिल, १८ चा काउंटरबोर, ९.८ ड्रिल, १० चा रीमर. रीमर शेवटी आल्यामुळे भोकाची कडही स्वच्छ राहते. फक्त काउंटरबोरच्या तळाशी भोकाच्या तोंडावर बारीक चॅम्फर द्या. तिथे बर राहिला तर हेड बरवर टेकतं आणि मोजलेला प्ले खोटा निघतो. व्हीएमसी असेल तर हा पायलटचा खेळच नाही, एंड मिलने इंटरपोलेशन करून एकाच सेटिंगमध्ये भोक आणि काउंटरबोर दोन्ही होतात.

भोकाचा फिटही लगे हात सांगतो. आयएसओच्या स्क्रूचा शोल्डर एफ९ टॉलरन्सचा असतो. ८ चा शोल्डर प्रत्यक्षात ७.९५१ ते ७.९८७ मध्ये भरतो. त्यामुळे एच७ किंवा एच८ चं रीम केलेलं भोक पिव्होटला चांगलं चालतं. पण काही कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये शोल्डर एच८ शाफ्ट टॉलरन्समध्ये, म्हणजे ७.९७८ ते ८.००० असतो. तो एच७ भोकात जातो, पण कधी कधी कुरकुरत. आणि त्याच कॅटलॉगमध्ये आणखी एक सापळा असतो, शोल्डरचे आकार ६.५, १३, २५ ऐवजी ६, १२, २४. हेडचे व्यास सारखे, थ्रेड सारखा, पण शोल्डर वेगळा. १३ चं भोक रीम करून ठेवलं आणि दुकानदाराने १२ चा स्क्रू दिला, तर एक मिमी सैल. १२ चं भोक करून १३ चा आला, तर निदान भोक वाढवता तरी येतं.

म्हणून माझ्या वर्कशॉपमध्ये नियम आहे: स्क्रू हातात आल्याशिवाय रीमर आणि काउंटरबोर लावायचा नाही. ऑर्डर देताना "एम८ शोल्डर बोल्ट" असं तोंडी सांगू नका. कुणाला ८ चा शोल्डर वाटतो, कुणाला ८ चा थ्रेड, म्हणजे १० चा शोल्डर. शोल्डरचा व्यास, थ्रेड आणि शोल्डरची लांबी, तिन्ही लिहून व्हॉट्सॲप करा. लांबी सांगताना हेड आणि थ्रेड सोडून फक्त शोल्डरची लांबी, हेही लिहा. एका ओळीचा मेसेज आहे, पण बदलून घ्यायला जाण्याचा रिक्षाचा खर्च आणि अर्धा दिवस वाचतो.

आता प्रेस टूलकडे येऊ, कारण तिथे खोलीचं गणित वेगळं आहे आणि चुकलं तर लिंक खुळखुळण्यावर भागत नाही.

स्ट्रिपर प्लेट पंच होल्डरखाली स्ट्रिपर बोल्टांवर लटकलेली असते. प्रेस वर असताना हेड काउंटरबोरच्या तळावर टेकलेलं असतं. प्रेस खाली आली की स्ट्रिपर पत्र्यावर थांबतो, पण होल्डर खाली येतच राहतो. म्हणजे होल्डरच्या हिशोबाने बोल्ट वर चढतो, आणि हेड काउंटरबोरमध्ये तळ सोडून वर येतं. किती वर? स्ट्रिपरचा जेवढा स्ट्रोक तेवढं. हेड लपेल एवढीच खोली मारली असेल तर प्रत्येक स्ट्रोकला हेड होल्डरच्या बाहेर येणार आणि वर प्रेसच्या रॅमला धडकणार. मग प्रेसचा टनेज बोल्टातून स्ट्रिपरवर उतरतो. बोल्ट मोडतो, स्ट्रिपर वाकतो किंवा रॅमच्या फेसला खड्डा पडतो.

त्यात पंचाला धार लावण्याचा भाग मिळवा. पंच ग्राइंड करून १ मिमी आखूड झाला की तो डायमध्ये तेवढाच शिरावा म्हणून होल्डर १ मिमी आणखी खाली आणावा लागतो. स्ट्रिपर पत्र्यावरच थांबणार, म्हणजे हेड आणखी १ मिमी वर. नवीन टूल व्यवस्थित चालतं आणि चौथ्या-पाचव्या धारेनंतर एक दिवस अचानक बोल्ट तुटतो, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. तोपर्यंत टूल बनवणाऱ्याचं बिल कधीच पास झालेलं असतं, पण नाव मात्र खराब होतं.

म्हणून खोली अशी काढा: हेडची उंची, अधिक स्ट्रिपरचा स्ट्रोक, अधिक पंच आयुष्यभरात एकूण जेवढा ग्राइंड होणार तेवढं, अधिक २ मिमी मोकळीक. १० च्या शोल्डरला हेड ७, स्ट्रोक ८, ग्राइंडिंगला ५, मोकळीक २. एकूण २२ मिमी. होल्डर ४० चा असेल तर तळाखाली १८ उरले. होल्डरच्या खालच्या फेसपासून लटकलेल्या स्ट्रिपरच्या वरच्या फेसपर्यंतचं अंतर ४२ असेल, तर शोल्डरची लांबी १८ अधिक ४२, बरोबर ६०. बाजारात मिळते.

पण ते अंतर ३९ असेल तर बेरीज ५७ येते. आता ६० चा घेतला तर उरलेली जाडी २१ ठेवावी लागेल, म्हणजे खोली १९. आपल्याला २२ हवी आहे, हेड बाहेर येणार. मग ५० चा घ्या. उरलेली जाडी ११, खोली २९. लोकांना ११ मिमी कमी वाटतं, पण ते पोलाद एम८ थ्रेडच्या स्क्रूपेक्षा पुष्कळ मजबूत आहे. तुटायचं असेल तर थ्रेड आणि शोल्डर यांच्यामधल्या गळ्याशी तुटेल. तिथे खाच असते, १० च्या स्क्रूला ती साधारण सव्वासहा मिमीची. जाड शोल्डर बघून ताकद मोजू नका, ताकद त्या गळ्याएवढीच.

स्ट्रिपरच्या होल्डरमधलं भोक रीम करायची गरज नाही. स्ट्रिपरला दिशा गाइड पिलर देतात, स्क्रू फक्त लटकवतो. शोल्डरपेक्षा २ ते ४ दशांश मिमी मोठं भोक ठेवा. मात्र चारही काउंटरबोरचे तळ एका पातळीत हवेत, एकाच सेटिंगमध्ये मारा. आणि चार बोल्टांची लांबी एकमेकांशी जुळवून घ्या. पाव मिमीच्या टॉलरन्समुळे एक ४०.०० आणि एक ४०.२ असा जोड आला तर स्ट्रिपर तिरका लटकतो. पाकिटातून दहा-बारा मोजून चार सारखे निवडणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

टॅप केलेल्या बाजूकडे मात्र सगळ्यांचं दुर्लक्ष होतं. शोल्डर बसतो तो थ्रेडभोवतीच्या बारीक कडीवर. ८ चा शोल्डर, एम६ थ्रेड, म्हणजे चारी बाजूंनी फक्त १ मिमी. टॅपिंगनंतर सवयीने मोठं काउंटरसिंक फिरवलं तर ती कडीच उडते, शोल्डर चॅम्फरमध्ये रुततो आणि लांबीचं सगळं गणित बिघडतं. ६.५ च्या स्क्रूला तर कडी पाऊण मिमीचीच. चॅम्फर थ्रेडच्या बाहेर दोन-तीन दशांशपेक्षा जास्त नको. बर निघाला, बस्स.

थ्रेडची खोलीही बघा. ८ च्या स्क्रूचा थ्रेड ११.२५ मिमी लांब असतो, १० च्या स्क्रूचा १३.२५. आंधळं भोक असेल तर पूर्ण थ्रेड त्यापेक्षा किमान २ मिमी जास्त खोल हवा, नाहीतर स्क्रूचं टोक तळाला लागतं आणि शोल्डर टेकायच्या आधीच स्क्रू घट्ट झाल्यासारखा वाटतो. उलट बाजूने, स्ट्रिपर प्लेट १२ ची असेल तर १० च्या स्क्रूचा थ्रेड खालून सव्वा मिमी बाहेर येऊन पत्र्यावर ठसे उमटवणार. तेव्हा प्लेट जाड घ्यायची किंवा थ्रेडचं टोक ग्राइंड करायचं. पिव्होटला थ्रेडवर थ्रेडलॉकचा एक थेंब टाका. फिरणारी लिंक स्क्रूलाही सोबत फिरवायला बघते.

आता क्वोटेशन. चौकशी आली की दर सांगण्याआधी मी चार गोष्टी विचारतो. भाग फिरतो की सरकतो? प्ले किती चालेल? हेड वर राहिलेलं चालेल का? स्क्रू कोण आणणार, तुम्ही की आम्ही? प्रेस टूल असेल तर पाचवा प्रश्न, पंचाला एकूण किती ग्राइंडिंग धरलंय? पाच मिनिटांचा फोन. उत्तरं मेसेजमध्ये परत मागून घ्या, म्हणजे पुढे वाद नको.

समजा ५० लिंकचं काम आहे, मटेरियल ग्राहकाचं, मजुरी ८० रुपये नग. बिल होतं ४,००० रुपये. खोली जास्त गेल्यामुळे १० लिंक नाकारल्या आणि ग्राहकाने प्लेटचे २५० रुपये नगाप्रमाणे डेबिट नोट काढली, तर २,५०० गेले आणि वर त्या दहांची ८०० मजुरी. हातात राहतात ७०० रुपये, त्यातून टूल, वीज आणि ऑपरेटर. म्हणून काउंटरबोर असलेल्या कामात पहिला पीस दोन दशांश कमी खोल मारा, स्क्रू लावून फीलरने मोजा, मग ऑफसेट देऊन अंतिम माप घ्या. कमी खोल मारलेलं पुन्हा खोल करता येतं.

जास्त खोल गेलंच, तर लगेच भंगारात टाकू नका. ०.५ किंवा १ मिमीचा कडक शिम हेडखाली घालून बरेच पीस वाचतात. फक्त ग्राहकाला सांगून घाला, त्याच्या ड्रॉइंगवर शिमची नोंद करून घ्या आणि शिम पीससोबतच पाकिटात द्या. न सांगता घातलेला शिम पहिल्याच सर्व्हिसला जमिनीवर पडतो, आणि लिंक परत तुमच्या टेबलावर येते.

पुढच्या व्हिडिओत हीच १६ ची लिंक मशीनवर लावून, झेड शून्यापासून फीलरपर्यंत सगळं करून दाखवतो. तुमच्याकडे शोल्डर स्क्रू असतील तर त्याआधी व्हर्नियरने शोल्डर मोजून ठेवा, १३ चे आहेत की १२ चे.